शनिवार-रविवारात समुद्रकाठच्या गावातली छोटी दुकानं: बडोद्याहून कुठे जावं?

मामा_कारेलीबाग

नमस्कार मंडळी. भाचीचं लग्न ठरलंय. मुलगा गुजराती, वाडीतलं घर, माणसं लाख मोलाची. साखरपुड्याच्या दिवशी ताईच्या विहीणबाईंनी मला हळूच विचारलं, "मामा, पानेतर तमे लावशो ने?" मी लगेच हो म्हणालो. पानेतर म्हणजे मामाने नवरीला द्यायची लग्नाची साडी. शेजारपाजारच्या लग्नांत लहानपणापासून पाहत आलोय, पांढरं अंग, लाल काठ. पण आता ते आपण आणायचं, आपल्या पोरीच्या अंगावर घालायचं, म्हटल्यावर पोटात कालवलं.

आता मुद्दा. आम्ही चौघं (ताई, भाची, बायको आणि मी) शुक्रवारी रात्री निघून सोमवारी सकाळी परत, असं एकदा जाऊन यायचं म्हणतोय. समुद्र पाहिजेच, कारण भाची लग्नानंतर बंगळूरला जाणार आणि तिला आईबरोबर एकदा वाळूत बसायचंय. आणि दुकानं पाहिजेत, पण काचेची, एसीची, चार मजल्यांची नकोत. मालक स्वतः गादीवर बसलेला असावा, वस्तू कोणी केली, कशी केली हे त्याला सांगता यावं. दोन तास नुसतं बघत बसलं तरी चहा पाजणारा असावा. आमच्या घरात सगळ्यांनाच अशा दुकानांचा नाद आहे. काही घेतलं नाही तरी चालतं, पण हात लावून बघायला मिळालं पाहिजे.

पानेतर मिळालं तर सोन्याहून पिवळं. कुठे जावं?

पोळवाली

मांडवीला जा. डोळे मिटून.

न्यायमंदिर

मांडवी? आपल्या बडोद्याची, चार दरवाजांतली? तिथे समुद्र कुठला हो, फार तर सुरसागर तलाव दाखवू मामांना :)

पोळवाली

कच्छची मांडवी हो! बडोदेकरांना मांडवी म्हटलं की न्यायमंदिराच्या पुढे काही दिसतच नाही.

मामा, नीट सांगते. शुक्रवारी रात्री इथून सयाजीनगरीत बसा, सकाळी भुजला उतरा. गाडीचं नावच आपल्या महाराजांचं, म्हणजे शकुन चांगला. भुजहून मांडवी ६० किलोमीटर, गाडी केली तर तासाभरात. गाव बंदराचं, रुक्मावती नदीच्या काठी. नदीत शिरता शिरता लाकडी जहाजं बांधताना दिसतात. तीन मजली घराएवढा सांगाडा उघड्यावर उभा असतो, सुतार फळ्यांच्या फटींत कापूस ठासत असतात. एकेक जहाज व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात. त्या पुलावर गाडी थांबवाच.

दुकानं बाजाराच्या आतल्या गल्ल्यांत. खत्री लोकांची बांधणीची, दोन-तीन पिढ्या जुनी. बाहेरून काही कळत नाही, अर्धं शटर वर, आत पांढरी गादी आणि भिंतीला कपाटं. चप्पल काढून बसायचं. संध्याकाळी किनाऱ्यावर जा, आणि दाबेली तिथलीच खा, कारण तिचा जन्म मांडवीचा. आपल्याकडे लारीवर मिळते तिच्यापेक्षा मसाला वेगळा लागतो.

अलकापुरी_आर

मी थोडं उलट बोलतो, राग मानू नका. बांधणीच हवी असेल तर नवा बाजार काय वाईट आहे? जामनगर, भुज, राजकोट, सगळीकडचा माल तिथे येतो. चार जणांचं भाडं, राहणं, जेवण धरून जो खर्च होणार त्यात पानेतरावर आणखी एक साडी येईल. माझ्या दोन्ही बहिणींच्या लग्नाची खरेदी नवा बाजार आणि रावपुऱ्यातच झाली, कोणाचं काही अडलं नाही. शिवाय काही खोट निघाली तर दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून आणता येतं. मांडवीला कोण जाणार बदलायला?

सुईदोरा

अलकापुरी, तुमचं गणित बरोबर आहे आणि नवा बाजारात चांगली दुकानं आहेत हेही खरं. पण मी माझा अनुभव सांगते.

चार वर्षांपूर्वी आम्ही एका समुद्रकाठच्या गावी देवदर्शनाला गेलो होतो. नाव नाही घेत. देवळाच्या रस्त्यावर ओळीने दुकानं. एकाने मला "असली हाथनी बांधणी" म्हणून साडी दाखवली, शपथा घेतल्या, मी घेतली. घरी येऊन सासूबाईंनी साडी उलटी केली आणि दोन सेकंदांत म्हणाल्या, "अगं, ही छापलेली आहे." मला रडूच आलं. पैशांपेक्षा हे लागलं की मी हाताने बांधलेलं म्हणून दहा जणींना कौतुकाने सांगितलं होतं.

तेव्हा शिकले ते मामांसाठी लिहिते. खऱ्या बांधणीत कापडाचा एवढासा चिमटा धरून त्याला दोरा गुंडाळतात आणि मग रंगात बुडवतात. दोऱ्याखाली रंग पोचत नाही, तो ठिपका. म्हणून एक ठिपका दुसऱ्यासारखा तंतोतंत कधीच नसतो. कोणी जरा चौकोनी, कोणी लांबट, मध्ये बहुतेक वेळा रंगाचा एक कण. छापलेल्यात सगळे ठिपके एका मापाचे, शाळेतल्या कवायतीसारखे. खरी बांधणी इस्त्री न केलेली बघा. चिमटे धरलेल्या जागी कापड वर आलेलं असतं, तळहात फिरवला की दाणे लागतात. उलटी बाजूही बघा, रंग आरपार गेलेला असतो. आणि रंग फिक्याकडून गडदाकडे चढवतात. पांढरे ठिपके बांधायचे, पिवळ्यात बुडवायचं, मग पिवळे ठिपके बांधायचे, लालमध्ये बुडवायचं. पांढरा, पिवळा, लाल असे तीन रंग दिसले म्हणजे कोणीतरी दोनदा बसून बांधलंय.

हे सगळं मला एका खत्री काकांनी भुजमध्ये दाखवलं, माझ्या हातात दोरा देऊन. माझ्याच्याने एका मिनिटात दोन ठिपके धड झाले नाहीत. म्हणून म्हणते, मामा, जा. नवा बाजारातला दुकानदार भाव सांगेल, पण ते दोऱ्याचं कोण दाखवणार?

फाइनआर्ट्स९८

सुईदोरा, क्या बात है. कॉलेजात असताना आम्ही कच्छला अभ्यासाला गेलो होतो, तेव्हापासून मी त्या भागाचा.

मामा, भुजला उतरणारच आहात तर मांडवीच्या आधी अजरखपूर करा. भुजपासून १५-एक किलोमीटर. हे गाव मुळात नव्हतंच. अजरख (ठशांनी छापलेलं कापड) करणारी खत्री कुटुंबं धमडक्याला होती. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात ते गाव पार झोपलं आणि नदीचं पाणीही बिघडलं. लोह वाढलं आणि रंग लागेनासे झाले. मग त्यातल्या बऱ्याच जणांनी जमीन घेऊन नवीन गाव वसवलं, नाव दिलं अजरखपूर. पाणी चांगलं असेल तिथेच हा धंदा चालतो, म्हणून गाव पाण्यामागे गेलं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

तिथे घरातच दुकान आणि दुकानामागे कारखाना. काळा रंग कशाचा करतात विचारा. गंजलेलं लोखंड, गूळ आणि पाणी पिंपात आठवडे-आठवडे कुजत ठेवतात, वर फेस येतो. वास नाकाला झोंबतो. त्यात चिंचोक्याचं पीठ घालून दाट करतात आणि ठशाने छापतात. नीळ वेगळी, मंजिष्ठाचा लाल वेगळा. कापड पुन्हा पुन्हा धुवायचं, वाळवायचं, छापायचं. चांगलं अजरख दोन्ही बाजूंनी छापलेलं असतं आणि दोन्हीकडची नक्षी रेषेला रेष जुळते.

गावातच हस्तकलेचं मोठं संग्रहालय आहे, एलएलडीसी, २०१६ मध्ये सुरू झालेलं. भरतकामाचे नमुने बघायला तास कमी पडेल. पण समुद्राचं विसरू नका हं, भाचीला वाळूत बसायचंय.

मही_काठ

सगळे कच्छला पाठवताहेत. मी जवळचं सांगतो. खंभात. बडोद्याहून ८० किलोमीटर, वासद-बोरसदवरून. शनिवारी सकाळी निघून रात्री घरी.

समुद्र म्हणाल तर आधीच सांगून ठेवतो, वाळू नाही. एकेकाळी जगभरची जहाजं या बंदरात यायची, पुढे गाळ साचत गेला आणि समुद्र दूर सरला. ओहोटीला नजर पोचेल तिथवर चिखल. पण त्या चिखलावर संध्याकाळचं ऊन पडतं तेव्हा जे दिसतं ते मला कुठल्या वाळूवर दिसलं नाही.

आणि दुकानं अकीकाची. माळा, अंगठीचे खडे, पेले, खलबत्ते. दगड इथला नाही, नर्मदेपलीकडच्या रतनपूरच्या टेकड्यांतून येतो. खाणीतून निघतो तेव्हा मातकट, दगड उन्हात वाळवायचे आणि मडक्यात घालून शेणीच्या मंद आचेत भाजायचे. आतलं लोह तापून लाल होतं आणि मातकट दगडाचा डाळिंबी खडा होतो. मग फोडणारा कारागीर जमिनीत तिरकी पुरलेली लोखंडी सळई घेऊन बसतो. दगड सळईच्या टोकाला टेकवायचा आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टिचकी मारल्यासारखं हाणायचं. टवका उडतो सळईच्या बाजूने. शिंगाची हातोडी का, तर लोखंडाने दगड भलतीकडेच तडकतो. भोक पाडायला सळईच्या टोकावर हिऱ्याच्या दोन कणी बसवलेल्या, धनुकलीने फिरवायची, वरून पाण्याचा थेंब थेंब. लोथल तिथून फार लांब नाही आणि तिथेही मणी करण्याची जागा सापडली आहे. आपल्या सयाजीराव विद्यापीठातल्या पुरातत्त्ववाल्यांनी खंभातच्या कारागिरांकडे बसून हडप्पाचे मणी कसे केले असतील याचा अभ्यास केलाय.

येताना सुतरफेणी आणि हलवासन आणा.

डॉक्टरीण_अकोटा

मही_काठ, सुंदर लिहिलंत, पण एक बाजू राहिली.

अकीक घासताना जी पांढरी भुकटी उडते ती सिलिकाची. डोळ्यांना दिसते त्याहून बारीक कण फुप्फुसात जाऊन बसतात आणि तिथे वण धरतात. सिलिकोसिस म्हणतात. बरा करणारं औषध नाही. वर क्षयाची लागण लवकर होते. खंभातमध्ये घासकाम करणाऱ्या घरांत हा आजार वर्षानुवर्षं आहे. काम घरातच चालतं, म्हणून जो घासतो त्यालाच नाही, शेजारी खेळणाऱ्या पोरालाही धूळ लागते. मी शिकत असताना असे रुग्ण पाहिले आहेत. चाळिशीच्या आतला माणूस, दोन जिने चढला की थांबायचा.

म्हणून खरेदी करू नका असं मी म्हणत नाही. खरेदी थांबली तर ते घर उपाशी बसेल. पण दुकानात विचारा, घासकाम कुठे होतं, पाण्याखाली घासता की कोरडं, धूळ ओढून घेणारा पंखा आहे का. गिऱ्हाईक विचारायला लागलं तर दुकानदारही पुढे विचारेल.

मही_काठ

ताई, बरोबर आहे तुमचं. माझ्या ओळखीचा एक घासणारा होता, तो गेला त्याचं कारण घरात कोणी नीट सांगितलं नाही. आता कळलं. पुढच्या वेळी विचारीन, नक्की.

हिरवा_चुडा

विषय निघालाच आहे तर विचारते. अशा छोट्या दुकानांत घासाघीस करावी का? आमच्याकडे आई म्हणते, निम्म्यापासून सुरू करायचं. मला लाज वाटते.

अलकापुरी_आर

करायचीच. त्याने आधीच वाढवून सांगितलेलं असतं. मंगळबाजारात कोणी सांगितलेला भाव देतं का?

सुईदोरा

मंगळबाजार वेगळा हो. तिथे वीस जणांकडे एकच कुर्ता असतो. बांधणीवालीने महिनाभर डोळे फोडून बांधलेल्या ओढणीचे निम्मे करा म्हणताना माझी जीभ वळत नाही. मी एकच करते, विचारते, "काका, छेल्लो भाव?" तो सांगेल ते परवडलं तर घ्यायचं, नाहीतर चहाबद्दल आभार मानून उठायचं. आणि चार वस्तू घेतल्या तर तो स्वतःहून कमी करतोच.

अलकापुरी_आर

पण बांधणारीला मिळतात किती? दुकानदाराला आपण पूर्ण भाव दिला म्हणजे तिच्यापर्यंत पोचला असं थोडंच आहे.

फाइनआर्ट्स९८

हा प्रश्न खरा आहे. म्हणूनच मालक स्वतः रंगणारा असेल असं दुकान शोधायचं. मध्ये हात जितके कमी तितकं बरं. बांधकाम बहुतेक ठिकाणी बायका घरी करतात, कापड वाटून दिलं जातं. दुकानात विचारलं, "हे कोणी बांधलं?" तर ज्याचं नातं सरळ आहे तो लगेच सांगतो, अमक्या गल्लीतल्या बायका, माझी काकू, वगैरे. जो नुसता माल आणून विकतो तो म्हणतो, "बेन, बधुं हाथनुंज छे" (सगळं हातचंच आहे), आणि दुसरी साडी उघडतो.

पारनाका

जामनगरचं नाव कोणी अजून सविस्तर घेतलं नाही म्हणून आश्चर्य वाटलं! इथून सौराष्ट्र मेल रात्रीची. बांधणीचा लाल रंग जामनगरच्या पाण्यात जसा उठतो तसा कुठेच नाही, हे तिथला प्रत्येक रंगारी सांगेल. शिवाय सूडी (आपला अडकित्ता), सुरमा, कंकू, या तीन गोष्टींची दुकानं. पितळेच्या सूड्या, मोराच्या, घोड्याच्या. आजोबांची होती, अजून सुपारी कातरते. तळ्याकाठच्या बाला हनुमान मंदिरात १ ऑगस्ट १९६४ पासून रामधून अखंड चालू आहे, रात्री दोन वाजता गेलात तरी कोणीतरी गात असतं.

समुद्र मात्र शहरातून दिसत नाही. नराऱ्याला ओहोटीच्या वेळा बघून जावं लागतं, गुडघाभर पाण्यात प्रवाळ, खेकडे, नशीब असेल तर ऑक्टोपस. १९८२ पासूनचं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे ते, देशातलं पहिलं.

निझामपुरा_नीता

दक्षिणेकडे कोणी गेलंच नाही. दमण, उदवाडा?

दमणला मी जाऊ नका म्हणेन, म्हणजे दुकानांसाठी. दुकानं पुष्कळ, पण जे मिळतं ते कुठेही मिळतं. उदवाडा मात्र बघण्यासारखं. वलसाड आणि वापीच्या मधलं स्टेशन, तिथून रिक्षाने गाव, समुद्राला लागून. पारशांचा इराणशाह, म्हणजे त्यांचा पवित्र अग्नी, १७४२ पासून तिथे आहे. आत आपल्याला जाता येत नाही, बाहेरून नमस्कार करायचा. पण गल्लीतली दुकानं! सुखडाच्या (चंदनाच्या) कांड्या, कुस्ती (पारशी कमरेला बांधतात तो पवित्र दोरा), त्याबरोबर घालायचे सदरे, आणि मण्यांची तोरणं. काचेचे बारीक मणी सुईत ओवून केलेली, पांढऱ्यावर लाल-हिरवे पक्षी, मासे. आईच्या एका पारशी मैत्रिणीने माझ्या लग्नात असं तोरण दिलं होतं, अजून दारावर आहे, पंधरा वर्षांत एक मणी निखळलेला नाही. तोरण विकणाऱ्या आजी पायरीवर बसून ओवत असतात, घाई केली तर चिडतात. मला त्यांचं तेच आवडतं.

पानेतर नाही मिळणार पण. मामांसाठी उपयोग नाही.

पुण्यातली_बडोदेकर

गोव्याचा नाद करू नका एवढंच सांगते, दोन दिवसांत जाण्यायेण्यातच वेळ जाईल. पुदुच्चेरीला मात्र कधीतरी आठवडा काढून जा, हातकागदाची दुकानं आहेत, वेड लागतं. बाकी हा धागा वाचून मला कारेलीबागेची फार आठवण आली.

जयवंती_आजी

मुलांनो, मी नेहमी वाचते, लिहीत नाही. आज राहवलं नाही.

मामाने पानेतर द्यायचं हे ऐकून पुष्कळांना गुजराती रीत वाटेल. आपल्यातही मामाच अष्टपुत्री देतो. पिवळी साडी, हळदीत भिजवल्यासारखी. माझ्या मामांनी माझी दांडियाबाजारातून पायी चालत जाऊन आणली होती, कारण टांग्याचे पैसे वाचवले तर काठ जरा रुंद येत होता. मला हे माझ्या आईने खूप उशिरा सांगितलं. ती साडी आता विरली आहे, पण काठ मी काढून ठेवलाय.

तर मामा, तुम्ही दोन्ही द्या. पिवळी अष्टपुत्री आणि पानेतर. आणि पानेतर नेसवल्यावर तिची सासू वरून घरचोळा घालेल, जरीच्या चौकटींचा. त्यात बार बाग म्हणजे बारा चौकटी किंवा बावन बाग म्हणजे बावन्न असतात. तेव्हा पानेतराच्या लाल रंगाला घरचोळ्याचा लाल जुळेल असं बघा. विहीणबाईंना आधी विचारून घ्या, त्यांना बरं वाटेल.

मामा_कारेलीबाग

आजी, तुमचं वाचून बायको आणि मी दोघंही काही वेळ बोललो नाही. विहीणबाईंना आजच फोन केला. त्यांनी घरचोळ्याचा तुकडा पाठवते म्हटलंय.

ठरलं. मांडवी, वाटेत अजरखपूर. तिकिटं काढली.

न्यायमंदिर

मामा, रात्रीच्या गाडीत भाकरवडी आणि लीलो चेवडो न्यायला विसरू नका. आणि परत आल्यावर धागा सोडून पळू नका, सगळं लिहा.

सांजवेळ

अवांतर: ज्यांना फक्त समुद्र आणि एक दिवस हवाय त्यांनी कावी-कंबोई बघा, जंबुसरच्या पुढे. भरतीला पाणी चढलं की स्तंभेश्वर महादेव पूर्ण पाण्याखाली जातो, ओहोटीला पुन्हा बाहेर. वेळा विचारून निघा. दुकानं म्हणाल तर नारळ आणि फुलं. पण कावीत सासू-वहूची जैन देरासरं (मंदिरं) आहेत, सासूने एक बांधलं आणि सुनेने दुसरं.

पोळवाली

सांजवेळ, लग्नाच्या धाग्यावर सासू-सुनेची देरासरं, वेळ बरी साधलीत :)

मामा_कारेलीबाग

(बारा दिवसांनी)

मंडळी, जाऊन आलो. लिहायला उशीर झाला, सुट्टीनंतर कामाचा डोंगर होता.

अजरखपूरला सकाळी लवकर पोचलो. फाइनआर्ट्स, तुमचं ते काळ्या रंगाचं पिंप बघितलं. ताईने झाकण काढायला सांगितलं आणि चार पावलं मागे सरकली. तिथे ज्यांच्याकडे थांबलो त्यांनी भाचीला ठसा हातात दिला. सागवानाचा, वजनदार. ठसा कापडावर ठेवायचा आणि मुठीने एकदाच ठोकायचं. तिने ठोकला, सरकला, दुहेरी रेघ उमटली. ते म्हणाले, "आ तमारो." ते फडकं त्यांनी तिला तसंच देऊन टाकलं. आम्ही एक दुपट्टा घेतला, दोन्ही बाजूंनी छापलेला.

मांडवीत दुपारी पोचलो आणि पहिला धडा मिळाला. एक ते चार बाजार बंद. कुत्रंही रस्त्यावर नाही. मग पुलावर जाऊन जहाजं बघितली. पोळवाली, कापूस ठासणारे खरंच दिसले, पायाशी तेलात भिजवलेल्या कापसाच्या वाती, हातात बोथट छिन्नी. टक टक टक, एका लयीत. भाचीने अर्धा तास तेच ऐकलं.

चार वाजता बाजारात शिरलो. पहिल्या दोन दुकानांत छान साड्या होत्या, पण "कोणी बांधलं?" विचारल्यावर तेच उत्तर, बधुं हाथनुंज छे. उठलो. तिसरं दुकान एका गल्लीच्या टोकाला, पाटीसुद्धा धड नाही. साठीतले काका, चश्मा दोरीने बांधलेला. मी सांगितलं, मामा आहे, पानेतर हवंय. त्यांनी काही दाखवायच्या आधी विचारलं, "घरचोळुं केवुं छे?" मी विहीणबाईंनी दिलेला तुकडा पुढे केला. आजी, तुमच्यामुळे. काकांनी तो दारापाशी उजेडात नेला, ओलं बोट लावून बघितला आणि आतून तीनच पानेतरं आणली.

भाचीने सुईदोरांनी सांगितलं तसं उलटं करून बघितलं, तळहात फिरवला. दुसऱ्यावर तिचा हात थांबला. मी विचारलं, हे कोणी बांधलं? काका जिन्याकडे तोंड करून ओरडले, आणि वरून त्यांची आई आली. ऐंशीच्या पुढच्या असतील. करंगळीचं नख वाढवलेलं, त्याच्या टोकाने कापडाचा चिमटा उचलायचा. आता डोळ्यांमुळे बारीक काम सोडलंय, पण या पानेतराचे काठ सुना बांधत असताना शेजारी बसून त्याच सांगत होत्या. त्यांनी भाचीचा हात धरला, पानेतर तिच्या खांद्यावर टाकलं आणि गुजरातीत, की कच्छीत, काहीतरी पुटपुटल्या. ताईला कळलं नाही, मलाही नाही. ताईच्या डोळ्यांना मात्र पाणी आलं.

भाव विचारला, दिला. घासाघीस केली नाही. अलकापुरी, तुम्ही म्हणाल महाग पडलं. माझ्या हिशेबात होतं तितकंच पडलं. उठताना काकांनी एक ओढणी दिली, दोरे न काढलेली, अगदी आकसून मूठभर झालेली. म्हणाले, घरी जाऊन उघडा.

रविवारची सकाळ चौघांनी वाळूत काढली. ताई आणि भाची पाण्यात उभ्या राहून काय बोलत होत्या ते मी विचारलं नाही.

ओढणी काल उघडली. एका टोकाला ताई, दुसऱ्याला भाची. आधी हळूहळू, मग जोरात ताणायची. दोरे तडतड तुटायला लागले, लाह्या फुटाव्यात तसे, आणि मूठभर कापड अडीच मीटरचं झालं. हॉलभर दोऱ्याचे तुकडे. माझी आई ते झाडू देईना. डबीत भरून देव्हाऱ्यात ठेवलेत.

सुईदोरा

मामा. बस. फोटो टाका.

जयवंती_आजी

सुखी राहा रे पोरांनो. अष्टपुत्रीचं काय केलंत?

मामा_कारेलीबाग

आजी, ती दांडियाबाजारातून आणणार. रविवारी. चालत.

हिरवा_चुडा

मामा, आम्हीही पुढच्या महिन्यात जायचं म्हणतोय. ते काकांचं दुकान रविवारी उघडं असतं का?

मामा_कारेलीबाग

सकाळी एकपर्यंत उघडं. पुलाच्या बाजूने बाजारात शिरलं की सरळ जायचं, डावीकडे दाबेलीची लारी लागते, तिच्या मागची गल्ली. अर्धं शटर वर असेल. वाकून आत जा.